दोन थेंब तेल आणि सरांचं पिस्तूल

आभारप्रदर्शन कार्यक्रमाच्या शेवटी ठेवायची पद्धत ज्याने काढली, त्याने कधी स्वतः आभार मानलेले नसणार. तोपर्यंत निम्मे लोक चपला शोधत असतात आणि उरलेले चहा कुठे ठेवलाय ते बघत असतात. म्हणून मी आधीच उरकून घेतो. मशीनवाल्या बाई, पोलीस ठाण्यातले हवालदारसाहेब, शाळेचे भांडारप्रमुख, आमच्या समोरचे काका (हो, त्यांचेसुद्धा, का ते पुढे सांगतो) आणि माझी बायको, जिने आठ दिवसांत ‘मी सांगत होते’ हे वाक्य फक्त चौदा वेळा उच्चारलं, या सगळ्यांचा मी मनापासून आभारी आहे. आता काय झालं ते ऐका.

रविवारी सकाळी सरांनी मला हाक मारली. सर म्हणजे माझे सासरे, राहतात आमच्याकडेच. त्यांनी मला पाचवीपासून दहावीपर्यंत कवायत शिकवली, त्यामुळे जावई झालो तरी ‘बाबा’ तोंडातून निघत नाही. तेही मला नावाने हाक मारत नाहीत. हजेरीपटात मी सव्वीस नंबरला होतो, म्हणून मी सव्वीस. आमच्या लग्नाच्या फोटोत सगळे हसतायत आणि मी सावधानमध्ये उभा आहे.

“सव्वीस,” सर म्हणाले, “पुढच्या रविवारी शाळेत माजी विद्यार्थ्यांची शर्यत आहे. ती मी सुरू करून देणार आहे. शेवटची. यानंतर नाही. हात थरथरतो आता.”

मग त्यांनी ट्रंकेतून फ्लॅनेलच्या कापडात गुंडाळलेलं पिस्तूल काढलं आणि माझ्या हातात दिलं. “तेल दे. दोन थेंब. फक्त दोन.”

अठरा वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्यावर सोपवलेलं हे पहिलं काम. माझी छाती इतकी फुगली की शर्टाचं बटण ताणलं.

हे पिस्तूल म्हणजे शर्यत सुरू करायचं. नळी पुढून बंद, त्यातून गोळी निघत नाही, नुसता आवाज होतो. पण बनावट जुनी, खरी, वजनदार. आवाज झाला की काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी टुणकन उडून बाहेर पडायची. ती पुंगळी सर वाकून उचलायचे, खिशात टाकायचे आणि शर्यत संपली की शेवटच्या आलेल्या पोराला द्यायचे. पहिल्याला कप शाळा द्यायची, शेवटच्याला पुंगळी सर द्यायचे. काही बोलायचे नाहीत, नुसती तळहातावर ठेवायचे. त्या पुंगळीचा असा काही मान होता की कप मिळवलेली मुलं ती बघायला पुंगळीवाल्याच्या मागे मागे फिरायची.

मला दोन्हींपैकी काही मिळालं नाही. मी दरवर्षी चौथा यायचो. पाच जण धावले तरी चौथा, बारा धावले तरी चौथा. मध्यमवर्गीय म्हणजे काय हे मला घरच्यांनी नंतर समजावलं, मैदानावर आधीच कळलं होतं.

तर दोन थेंब तेल. एवढ्यावर थांबलो असतो तर ही गोष्ट झाली नसती. पण मला वाटलं, नुसतं वरून तेल सोडायचं हे काय काम झालं? जरा उघडून, पुसून, आतून तेल द्यावं, म्हणजे सरांनाही कळेल की सव्वीसच्या हातात कला आहे. पहिला स्क्रू निघाला. दुसरा निघाला. तिसरा निघेना, म्हणून मी पक्कड आणली. बायको दारात येऊन म्हणाली, “अहो, बाबांनी दोन थेंब सांगितलं होतं ना?” मी तिला म्हटलं, यंत्रातलं तुला काय कळतंय. हे वाक्य तिने जपून ठेवलंय, वेळोवेळी परत वापरते.

तेवढ्यात ‘कट’ असा आवाज झाला. बारीकसा. करंगळीच्या नखाएवढी एक पोलादी पट्टी दोन तुकडे होऊन माझ्या मांडीवर पडली. ती काय आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पिस्तूल परत जोडलं, ट्रंकेतल्या पेटीत सातच काडतुसं होती त्यातलं एक घातलं, सर फिरायला गेलेत हे बघून गच्चीवर जाऊन चाप ओढला. आवाज झाला, कबुतरं उडाली, पण पुंगळी उडाली नाही. आतच अडकून बसली. शेवटी बायकोच्या भुवया काढायच्या चिमट्याने ती बाहेर काढली. रिकामी पुंगळी बाहेर फेकायचं काम त्या पट्टीचं होतं. तिला इजेक्टर म्हणतात हे मी नंतर शिकलो.

आवाज काय, डबा आपटला तरी होतो. पण पुंगळीच उडाली नाही तर सर वाकून उचलणार काय आणि शेवटच्याला देणार काय? ही त्यांची शेवटची शर्यत.  तुटलेले तुकडे मी बटणांच्या डब्यात लपवले, कारण आमच्या घरात बटणांचा डबा मी कधी कुणा पुरुषाला उघडताना बघितलेलं नाही.

गच्चीवरून खाली येतो तर जिन्यात समोरचे काका. या काकांना आम्ही सर्वज्ञ म्हणतो. त्यांना गळक्या नळापासून गुडघेदुखीपर्यंत सगळ्यातलं कळतं आणि विचारायची वाट न बघता ते सांगतात. “आवाज कसला झाला?” मी खरं सांगून टाकलं, आणि ती माझी दुसरी चूक. काकांनी लगेच चार उपाय सांगितले. नेलकटरचा तुकडा बसवा. नाहीतर हेअरपिन वाकवा. नाहीतर गोंद लावा, पण साधा नको, जाहिरातीत ज्याने गाडी ओढतात तो. आणि काहीच जमलं नाही तर पिस्तूल रात्रभर रॉकेलमध्ये बुडवा. तुटलेली वस्तू रॉकेलमध्ये बुडवून जुळते कशी, हे विचारायचा धीर मला झाला नाही.

सर्वज्ञांना एक गोष्ट सांगितली की संध्याकाळपर्यंत चारही मजल्यांना कळते. यावेळीही कळली, फक्त वर चढताना ‘शर्यतीचं’ हा शब्द गळून पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी लिफ्टमध्ये लोक मला जागा देऊ लागले. तळमजल्यावरचा माणूस गेली तीन वर्षं माझ्या जागेवर स्कूटर लावत होता. मी विनंती केली होती, चिठ्ठी लिहिली होती, सोसायटीत अर्ज दिला होता. त्याने त्या दिवशी आपण होऊन स्कूटर हलवली, जागा झाडून घेतली आणि मला नमस्कार केला. सर्वज्ञ काकांचे आभार मानायचे ते यासाठी.

ऑफिसात अर्धी रजा टाकली आणि पिस्तूल आणि उरलेली काडतुसं जेवणाच्या डब्यात घालून बाजारात गेलो. बंदुकांच्या दुकानदाराने ते हातात घेऊन उलटसुलट केलं, नळीत बघितलं आणि तोंड वाकडं केलं. “ही बंदूक नाही हो. आमच्यात बसत नाही.” मग खेळण्यांच्या दुकानात गेलो. तो दोन पावलं मागे सरकला. “हे खेळणं नाही! आधी आत ठेवा ते!” मला त्या पिस्तुलाचा कळवळा आला. कुठेच बसत नाही, धड इकडे नाही, धड तिकडे नाही. माझंच भावंड.

बंदुकवाल्याने जाता जाता एवढं मात्र सांगितलं, “मागच्या गल्लीत शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या बाई आहेत. बारीक पोलादी कामात त्यांचा हात धरणारं कुणी नाही.”

बाईंचं दुकान म्हणजे दोन मशीनमध्ये एक स्टूल. बाई माझ्याच वयाच्या, डोळ्याला भिंग लावून बसलेल्या. मी डबा उघडला. त्यांनी पिस्तुलाकडे बघितलं, भिंग काढलं, पुन्हा बघितलं.

“हे सरांचं,” त्या म्हणाल्या.

त्या आमच्याच शाळेच्या, मला दोन वर्षं पुढे. त्यांच्या मागच्या फळीवर कपच कप होते. धाग्याची रिळं, बॉबिन, सुया सगळं कपांमध्ये ठेवलेलं. “दरवर्षी, सगळ्या शर्यतींत पहिली,” बाई म्हणाल्या. “सत्तावीस कप आहेत. पुंगळी एकही नाही. एकदा मुद्दाम हळू धावून बघितलं, तर सरांनी ओळखलं. पुंगळी दिलीच नाही त्या वर्षी कुणाला. वर मैदानाला चार फेऱ्या मारायला लावल्या.” आणि मग एकदम म्हणाल्या, “रविवारी मीपण धावणार आहे. गुडघा गेलाय माझा, पण येणार. ठेवा इथं.”

पैशाचं विचारलं तर अंगावरच आल्या. म्हणाल्या, सरांच्या वस्तूचे पैसे घेतले तर हात झडतील माझे.

त्यांनी एका जुन्या मशीनची पोलादी पट्टी कापली, घासली, बसवली. पहिला तुकडा आखूड पडला. पुंगळी जागची हलली नाही आणि एक काडतूस गेलं. दुसरा लांब झाला. पिस्तूल अर्ध्यात अडकून बसलं, आणखी एक गेलं. तिसऱ्या वेळी पुंगळी उडाली, पण सरळ मागे येऊन माझ्या कपाळावर बसली. बाई खूष. “उडतेय तर! आता दिशा तेवढी बघायची.” कपाळ माझं असल्यामुळे त्यांना घाई नव्हती. त्यांनी कानशीचे चार हात मारले, मला स्टुलामागे उभं केलं आणि पाचवं काडतूस उडवलं. पुंगळी उजवीकडे झकास कमान करून उडाली आणि शेजारच्या इस्त्रीवाल्याच्या पाण्याच्या भांड्यात ‘चुस्स’ करून पडली.

आम्ही टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्यावर लक्षात आलं की गल्लीत शुकशुकाट आहे. भरबाजारात दुपारी चार बार झाले होते. दुकानांची शटरं खाली आणि गल्लीच्या तोंडाशी पोलिसांची गाडी. दारातून बाहेर बघितलं तर इस्त्रीवाला हात वर करून उभा होता, एका हातात इस्त्री.

ठाण्यात आम्हाला बाकावर बसवलं. टेबलामागे हवालदारसाहेब, समोर नोंदवही. पिस्तूल मध्ये, डब्याच्या झाकणावर.

“हे शस्त्र आहे का?”

“नाही, साहेब.”

“मग तक्रार कसली लिहू?”

“मग नका लिहू.”

“चार बार झालेत. लिहावं तर लागेल. शस्त्र आहे असं लिहितो.”

“मग?”

“मग परवाना दाखवा.”

“शस्त्र नाही तर परवाना कसा असेल?”

“तेच तर म्हणतोय, परवाना नाही. गंभीर आहे.”

मी वीस वर्षं पाणीपट्टीच्या खिडकीमागे बसतो. बिलावर नाव चुकलं तर दुरुस्तीला पाणी कनेक्शनचा कागद आणा आणि कनेक्शनच्या कागदाला बिल आणा, असं मी किती जणांना शांतपणे सांगितलं असेल, देव जाणे. त्या बाकावर बसून ते सगळे चेहरे मला आठवले. तेव्हापासून मी खिडकीत जरा बरा वागतो, असं लोक म्हणतात.

शेवटी असं ठरलं की पिस्तूल शाळेचं आहे हा पुरावा आणायचा. बाईंना ओलीस ठेवून मी शाळेत पळालो. भांडारप्रमुख निवृत्तीला आलेले, शांत गृहस्थ. त्यांनी शिडी लावून जुनं नोंदपुस्तक काढलं, धूळ झटकली आणि बोट फिरवत फिरवत एका पानावर थांबले. तिथे सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: ‘वाजवायच्या वस्तू. घंटा एक. ढोल दोन. शिट्ट्या सहा. पिस्तूल एक, ताबा क्रीडाशिक्षक.’ भांडारप्रमुख स्वतः नोंदपुस्तक छातीशी धरून माझ्याबरोबर ठाण्यात आले. या वयात, माझ्या स्कूटरवर मागे बसून, जिला तीन वर्षांनी परवाच स्वतःची जागा मिळाली होती.

हवालदारसाहेबांनी ते पान दोनदा वाचलं. मग हसायला लागले. “वाजवायची वस्तू! हे बरंय. ढोल वाजवला म्हणून कुणाला धरता येत नाही. पण खरंच नुसतं वाजतं, हे समक्ष बघावं लागेल.” असं म्हणून त्यांनी अंगणात सगळ्यांसमोर सहावं काडतूस वाजवलं. पुंगळी उजवीकडे उडाली. ती त्यांनी वाकून उचलली, आणि वाकताना त्यांच्या कमरेची किल्ल्यांची जुडी पुढे आली. जुडीत एक जुनी, झिजलेली, भोक पाडलेली पितळी पुंगळी लटकत होती.

“आठवी, चारशे मीटर,” ते म्हणाले. “बूट फाटला होता, अनवाणी धावलो. बाकीचे घरी जाऊन जेवलेसुद्धा असतील. सर उभे होते रेषेवर, एकटे.” त्यांनी नोंदवहीत ‘वाद्याची चाचणी, समाधानकारक’ असं लिहिलं आणि पिस्तूल स्वतःच्या रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिलं.  मी आणि बाई नुसते हात जोडून उभे राहिलो.

शनिवारी सरांनी विचारलं, “दिलंस तेल?”

“दिलं, सर.”

“काडतुसं बघू.” पेटी उघडली. एकच होतं. सरांनी पेटी हलवून बघितली. “सात होती.”

“तेल... नीट पोचलं का, ते बघत होतो, सर.”

“सहा वेळा?”

“हो, सर.”

सरांनी पेटी मिटली. पांढरा कोट मांडीवर घेतला आणि स्वतःच बटण लावायला बसले. त्यांना बटण कुठून मिळालं, हा विचार त्या क्षणी माझ्या डोक्यात आला नाही.

रविवारी मैदान भरलं होतं. शाळेतल्या मुलांच्या शर्यती आता यंत्राच्या पिपाणीवर सुटतात, म्हणून सरांच्या वाट्याला एकच शर्यत होती, चाळिशी ओलांडलेल्यांची शंभर मीटर. आठ जण. मी, बाई, हवालदारसाहेब, एक दातांचे डॉक्टर, एक बँकेतले, दोन मास्तर आणि एक केशकर्तनालयवाले. एक काडतूस, एक बार, एक पुंगळी. इजेक्टर आता फसला तर दुसरी संधी नाही.

आम्ही रेषेवर वाकलो. सरांनी हात वर केला. शाळेत असताना त्यांची एक सवय होती. हात वर करून ते थांबायचे, सगळ्यात घाबरलेलं पोर स्थिर होईपर्यंत चाप ओढायचे नाहीत. आज आम्ही आठही जण स्थिर होतो आणि थरथरत होता तो सरांचा हात. म्हणून आम्ही थांबलो. गुडघे बोंबलत होते, बँकवाल्यांच्या पाठीत उसण भरली, पण एकानेही मान वर केली नाही. मैदानावर चिटपाखरू हलेना. हळूहळू तो हात स्थिर झाला.

बार झाला. सहा जण सुटले. मी आणि बाई मात्र जागच्या जागी गर्रकन मागे वळलो.

पुंगळी उडाली होती. उजवीकडे, उन्हात चमकत, झकास कमान करून.

“उडाली!” आम्ही दोघं एकदम ओरडलो आणि मग आठवलं की धावायचं आहे.

पण पुढे बघतो तर वेगळाच प्रकार. एकटे हवालदारसाहेब सुसाट निघाले होते. त्यांचं काय, त्यांच्याकडे होती. बाकीच्यांचा वेग कमी होत होता. डॉक्टरांनी बुटाची नाडी बांधायला घेतली आणि बूट बिननाडीचे होते. दोन्ही मास्तर “तुम्ही पुढे व्हा, छे छे तुम्ही” करत उभे. केशकर्तनालयवाले तर उलटे चालायला लागले. मीसुद्धा, खोटं कशाला बोलू, बाईंच्या मागे राहायच्या खटपटीत होतो. शाळेच्या इतिहासात पहिल्यांदाच शेवट गाठायला एवढी चुरस लागली होती. लोक पोट धरून हसत होते.

तेवढ्यात शिट्टी वाजली. ती शिट्टी ऐकली आणि पन्नाशीची सात माणसं जागच्या जागी सावधान झाली.

“लाज वाटते का?” सर गरजले. थरथर हातात होती, आवाजात नव्हती. “चालणाऱ्याला काही मिळणार नाही! हरतोय हे कळूनसुद्धा जो जीव तोडून धावतो ना, त्याची आहे ती! धावा, गाढवांनो!”

धावलो. असे धावलो की सांगता सोय नाही. छातीत धाप, डोळ्यांत घाम, चष्मा हातात. रेषा ओलांडून खाली बसलो आणि विचारलं, कितवा? कुणीतरी सांगितलं, चौथा.

बाईंचा गुडघा अर्ध्या वाटेत गेला होता. खरोखर गेला होता. सगळे पोचले तरी त्या एक पाय ओढत, दात-ओठ खात धावत होत्या, आणि सर हळूहळू चालत येऊन रेषेवर उभे राहिले होते, एकटे. बाई पोचल्या. सरांनी पुंगळी त्यांच्या तळहातावर ठेवली. काही बोलले नाहीत. सत्तावीस कपवाल्या बाई मैदानात बसून लहान पोरीसारख्या रडल्या. त्यांनीच घासलेल्या तुकड्याने ती पुंगळी उडवली होती, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही आणि मीही नाही.

मी कडेला उभा राहून चष्मा पुसत होतो. चौथा तर चौथा, माझं मन भरलं होतं.

“सव्वीस नंबर!”

“हजर, सर.”

“हात पुढे कर.”

छडी बसणार म्हणून माझा हात आपोआप आखडला. सरांनी तो ओढून सरळ केला, कोटाच्या खिशातून काहीतरी काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. पोलादी पट्टीचे दोन तुकडे. बटणांच्या डब्यातले.

मी खाली मान घातली. “सर, मी...”

“आठ दिवस बघतोय,” सर म्हणाले. “बंदुकवाला, ठाणं, शाळा, सगळीकडे माझेच विद्यार्थी. सगळे येऊन सांगून गेले मला. तुला वाटलं, म्हाताऱ्याला कळत नाही.” मग त्यांनी माझी मूठ मिटवली आणि आपल्या थरथरत्या हातात क्षणभर धरून ठेवली. “दमला असशील. पाणी पी. आणि पुढच्या वर्षी दोन थेंब सांगितले की दोनच.”

ते पाठ वळवून चालू लागले. बायकोने माझी बाही घट्ट धरली. “अहो,” ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरले होते, “बाबा पुढच्या वर्षी म्हणाले.”

सोमवारी सकाळी ऑफिसला जायच्या आधी मी बंदुकवाल्याच्या दारात उभा होतो, काडतुसांची चौकशी करायला.